परवानगी दोघांनाच

पहिलाच ठोसा धाकटीच्या बरगडीवर बसला आणि रिंगखाली तिची थोरली बहीण पुढे सरकली.

समोरची मुलगी नदीपलीकडच्या क्लबची, ताडमाड उंच. तिला सगळे शिडी म्हणत. शिडीच्या आधीच्या लढती थोरलीनं पाहिल्या होत्या. ही कधी वाकायची नाही. लांबलचक हातांनी दुरूनच समोरचीचं तोंड फोडायची आणि गुण घेऊन घरी जायची. आज मात्र घंटा वाजली तशी ती गुडघ्यांतून वाकली, आत घुसली आणि धाकटीच्या उजव्या कुशीत, कोपराच्या जरा मागे, तिनं डावा हात गाडला. मग पुन्हा. मग पुन्हा तिथेच. तोंडाकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही.

"तिथंच! सोडू नकोस, तिथंच हाण!" शिडीचा कोच कोपऱ्यातून ओरडत होता.

रिंगखाली उभ्या थोरलीनं दोरी मुठीत आवळली. धाकटीच्या त्याच बरगडीला आठवड्यापूर्वी सरावात तडा गेला होता. आईला हे माहीत नव्हतं. स्पर्धेच्या डॉक्टरला तर नव्हतंच, नाही तर त्यानं रिंगमध्ये पाऊल टाकू दिलं नसतं. ही लढत जिंकली की धाकटी राष्ट्रीय शिबिरात जाणार होती. म्हणून दोघी बहिणींनी आणि वस्तादांनी तोंडं शिवून घेतली होती.

धाकटी मागे हटली नाही. हटणं तिच्या रक्तातच नव्हतं. शिडी वाकायची तेव्हा तिचं डोकं आयतंच टप्प्यात यायचं, आणि धाकटीनं पहिल्याच फेरीत तिचं नाक फोडलं. शिडीचा पांढरा बनियन छातीपर्यंत लाल झाला. तरी ती वाकतच राहिली. दुसऱ्या फेरीत दोघी एकमेकींना चिकटल्या, शिडीनं मोकळ्या हातानं त्याच जागी लागोपाठ ठोसे घातले, आणि धाकटीच्या तोंडातून दातांचं कवच बाहेर पडलं. त्याच्यामागून गुलाबी फेस आला.

"वस्ताद, टॉवेल टाका!" थोरली किंचाळली.

कोच असले तरी क्लबमधलं लहानथोर त्यांना वस्तादच म्हणे. टॉवेल त्यांच्या हातात होता. पिळून पिळून त्याची दोरी झाली होती.

"थांब. गुडघा टेकेल ती आता."

"ती नाही टेकणार! तुम्हाला माहीत नाही का ती?"

"टेकेल म्हणतो ना."

धाकटीनं गुडघा टेकला नाही. तिनं शिडीच्या जबड्यावर आणखी एक उजवा घातला आणि त्या ठोशाबरोबरच ती आडवी झाली. पडल्यावर तिला श्वास घेता येईना. पाण्याबाहेर काढलेल्या मासळीसारखं तोंड नुसतं उघडत-मिटत राहिलं. तेव्हा कुठे टॉवेल रिंगमध्ये येऊन पडला.

मोडलेली बरगडी फुप्फुसात घुसली होती. छातीत नळी घालून डॉक्टरांनी रक्त काढलं. आई आली, पलंगाच्या दांडीला धरून उभी राहिली, आणि थोरलीला म्हणाली, "तुझा एक डोळा घालवलास, आता हिचा जीव घालव." एवढं बोलून ती जी गप्प झाली, ती धाकटी उठून बसेपर्यंत थोरलीशी बोलली नाही.

थोरलीही कधीकाळी लढायची. एका लढतीत तिच्या डाव्या डोळ्याचा आतला पडदा सुटला. डॉक्टरांनी तो कसाबसा चिकटवला आणि बजावलं, की त्या बाजूला आणखी एक फटका बसला तर डोळा गेलाच म्हणून समज. घरी बसून ती वेडी झाली असती. वस्तादांनी तिला बोलावून घेतलं आणि क्लबचं ऑफिस तिच्या हवाली केलं. हॉलच्या भिंतीवर कॅमेरा होता. सगळा सराव त्यात टिपला जायचा आणि ऑफिसमधल्या कॉम्प्युटरवर साठायचा; बाहेरच्या लढतींची चित्रणंही तिथेच असत. कोणाचा हात कुठे पडतो, कोण दमलं की हनुवटी वर करतो, हे थोरली लावून दाखवायची. तिच्या शब्दाला तिथे किंमत होती.

नळी काढल्यावर धाकटी पहिल्यांदा धड बोलली.

"ताई, शिडीला माहीत होतं."

"बोलू नकोस, पड."

"ऐक ना. डावा मारला की माझं उजवं कोपर वर जातं. बरगडी दुखायला लागल्यापासूनची सवय आहे ती, आधी नव्हती. शिडी त्याच क्षणाची वाट बघायची. माझा डावा आला की ती आत. हे तिनं कधी बघितलं?"

बघायला एकच जागा होती. तो कॉम्प्युटर.

त्याला ना धरबंध होता ना मालक. एकच नाव, एकच पासवर्ड, तोही पडद्याच्या कडेला चिकटपट्टीवर लिहिलेला. घामेजल्या बोटांनी बटणांवरची अक्षरं पुसली गेली होती. जो येई तो आपला पेनड्राइव्ह खुपसे, आपलं घेई, कधी दुसऱ्याचंही घेई. कोणाला गाणी भरायची असत, कोणाला आपली लढत सासरी दाखवायची असे. फोनला हॉलमध्ये पहिल्यापासून बंदी होती, दारातल्या खोक्यात ठेवूनच आत यायचं. पण पेनड्राइव्हकडे कोणाचं लक्ष गेलं नव्हतं. धाकटीचा सराव कोणी बोटाएवढ्या तुकड्यात घालून नदीपलीकडे नेला असेल, तर तो खिशातही जाणवला नसता.

थोरलीनं कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला फोन लावला.

"ताई, तुमच्या घराला दारच नाही आणि तुम्ही कुलूप शोधताय," तो हसला. "आधी प्रत्येकाला वेगळं नाव द्या, वेगळा पासवर्ड द्या. मग कोणाला पेनड्राइव्ह उघडू द्यायचा आणि कोणाला नाही, ते ठरवता येतं."

तो सांगत गेला आणि ती करत गेली. प्रत्येकानं आपल्या नावानं कॉम्प्युटर उघडायचा. व्हिडिओ बघायला सगळ्यांना मोकळीक. पण बाहेरून आणून जोडलेली कुठलीही डिस्क असो, तिच्यातलं वाचायचंही नाही आणि तिच्यावर काही उतरवायचंही नाही. जोडली तर पडद्यावर पाटी येणार, परवानगी नाही. परवानगी दोघांनाच ठेवली, तिला स्वतःला आणि वस्तादांना. हे सगळं बदलण्याचा मुख्य पासवर्ड मात्र फक्त वस्तादांकडे दिला. क्लब त्यांचा होता.

वस्तादांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "बरं केलंस, पोरी. घरात उंदीर झालाय. बीळ बुजवायलाच हवं."

बीळ बुजलं, पण उंदीर शोधायचं सगळ्यांच्या डोक्यात बसलं. आजवर हॉलमध्ये मार पडायचा तो ग्लोव्हज घालून. आता तो उघड्या मुठींनी पडू लागला. सरावात कोणी जरा जोरात मारलं की समोरचा म्हणायचा, "माझा पण विकणार का व्हिडिओ?" आणि दोघं जमिनीवर लोळायचे. एका मुलाचा चुलतभाऊ नदीपलीकडच्या क्लबात होता. एवढं निमित्त पुरलं. घाऱ्या डोळ्यांच्या मांजऱ्यानं आणि त्याच्या दोन दोस्तांनी त्या मुलाला मोरीत गाठलं, त्याचं तोंड नळाच्या तोटीवर आपटलं. पुढचे दोन दात तिथेच राहिले. तो रक्त गिळत "मी नाही, मी नाही" म्हणत राहिला. थोरली धावली तेव्हा वस्ताद दारात उभे होते.

"वस्ताद, अहो सोडवा ना!"

"पोरं आहेत. निवळतील," ते म्हणाले.

तो मुलगा पुन्हा आला नाही.

मांजऱ्या मोठा गोडबोल्या होता. चार दिवसांनी तोच ऑफिसच्या खिडकीला लटकला. "ताई, आमची मॅच एकदा कॉपी करून दे की. मामाला दाखवायचीय. तुला काय, दोन बटणं दाबायची."

"नाही म्हटलं ना."

"आमच्यावर विश्वास नाही होय?"

तो गेला, दुसरा आला. दुसऱ्याच्या आईचं आजारपण होतं, तिसऱ्याचं लग्न ठरत होतं. थोरलीचा स्वभाव भिडस्त. एकाला तिनं खरंच करून दिलं असतं. पेनड्राइव्ह जोडलाही होता, आणि ऐन वेळी धाकटीच्या छातीतली नळी डोळ्यांसमोर आली. तिनं तो उपटून परत दिला. त्याच दुपारी वस्तादांनी मुख्य पासवर्ड टाकून आपल्या नावानं कॉम्प्युटर उघडला, काहीतरी बघितलं आणि तो तसाच चालू ठेवून ते हॉलमध्ये गेले. थोरली खुर्चीत बसली आणि परवानगीच्या यादीतून तिनं स्वतःचं नाव काढून टाकलं. आता कोणी कितीही गयावया केली तरी तिच्याच्यानं काही होणार नव्हतं. तिला हलकं वाटलं. वस्तादांना सांगायचं राहून गेलं. त्यात सांगण्यासारखं काय आहे, असंच तिला वाटलं.

यानंतर हातोड्याची पाळी आली.

हातोडा म्हणजे क्लबचा सगळ्यात वजनदार पोरगा. मान नव्हतीच, डोकं थेट खांद्यांवर ठेवलेलं. त्यालाही शिबिराचं बोलावणं येणार होतं, फक्त एक लढत उरली होती. सरावात लांब डावा मारताना त्याचा खांदा निखळला. हॉलमध्ये तेव्हा तिघंच होते, हातोडा, वस्ताद आणि थोरली. वस्तादांनी त्याला जमिनीवर निजवलं, त्याच्या काखेत टाच रोवली आणि हात ओढून खांदा जागेवर बसवला. हातोडा गुरासारखा ओरडला. मग उठून हसला आणि म्हणाला, "ताई, कोणाला बोलू नकोस हं."

ती कशाला बोलते? तिचं तोंड आधीच पोळलं होतं.

हातोड्याच्या लढतीला ती गेली. समोरचा गडी शिडीच्याच क्लबचा. घंटा झाली आणि त्यानं हातोड्याच्या डाव्या खांद्यावर ठोसे मारायला सुरुवात केली. खांद्यावर मारून गुण मिळत नाहीत. शहाणा माणूस तिथे ताकद घालवत नाही. प्रेक्षकांतून कोणी हसलंही. थोरली हसली नाही. गडी मारत राहिला, हातोड्यानं चिडून लांब डावा टाकला, आणि गड्यानं तो हात बाहेरच्या बाजूला झटकला. खांदा निखळला. हात दोरी तुटलेल्या बादलीसारखा लोंबला. हातोडा त्या हाताकडे बघत असतानाच त्याच्या कानशिलावर, हनुवटीवर, पुन्हा कानशिलावर ठोसे बसले. पंच मध्ये येईपर्यंत तो पडला होता आणि त्याचा पाय एकटाच थरथरत होता.

कपडे बदलायच्या खोलीत तो गडी मांजऱ्याला डिवचून म्हणाला, "तुमच्या वस्तादाची टाच भारी आहे हं. काखेत रोवून खांदा बसवतो! आम्ही दोनदा लावून बघितलं."

मांजऱ्यानं त्याच्यावर झडप घातली. चारजणांनी ओढून काढला तेव्हा त्याच्या दातात त्या गड्याच्या कानाची पाळी होती.

थोरलीच्या कानावर हे आलं आणि तिला सगळं कळलं. व्हिडिओ गेला होता. पेनड्राइव्ह उघडायची परवानगी दोघांनाच होती, असं सगळ्यांना वाटत होतं. खरं तर ती एकालाच होती, हे फक्त तिला माहीत होतं. ती घरी आली, मोरीचं दार लावून घेतलं आणि तोंडावर पाणी मारत राहिली. हात ठेवून आशीर्वाद देणारा तो तळवा अजून डोक्यावर असल्यासारखा वाटत होता. कदाचित दुरुस्तीवाल्यानं काही गफलत केली असेल. कदाचित वस्तादांचा पासवर्ड कोणी पाहिला असेल. ती कारणं शोधत होती आणि एकही कारण उभं राहत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती क्लबमध्ये गेली, तीच वस्तादांना एकट्यात विचारायचं म्हणून. पण हॉल भरलेला होता. पोती लटकत होती, कोणी मारत नव्हतं. हातोडा रिंगच्या कडेला बसला होता, डावा हात गळ्यात बांधलेला, एक कान सुजून वांग्यासारखा झालेला. तिला पाहून तो उठला.

"किती दिले त्यांनी, ताई?"

"काय बोलतोस तू?"

"तिघंच होतो आपण. मी स्वतःला विकलं नाही. वस्ताद आम्हाला विकणार नाहीत. मग राहिलं कोण?"

"माझ्या बहिणीची बरगडी मोडली रे. तिला पण मीच विकलं का?"

"तू लढू शकत नाहीस म्हणून कोणी लढू नये असं वाटतं तुला," मांजऱ्या मागून बोलला.

ती त्याच्याकडे वळली आणि हातोड्यानं उजव्या हातानं तिच्या पोटात मारलं. ती दुमडली. खाली पडता पडता तिनं सवयीनं दोन्ही हात डोळ्यावर घेतले. मांजऱ्याची लाथ पाठीत बसली, आणखी कोणाची मांडीवर. केस धरून कोणीतरी डोकं वर ओढलं आणि गालावर चपराक मारली. तोंडात रक्ताची चव आली. हातांच्या फटीतून तिला वस्ताद दिसले. ते पोत्यापाशी उभे होते, हातात पाण्याची बाटली. धावून येतील, असं तिला अजूनही वाटत होतं. त्यांनी बाटलीचं झाकण फिरवलं. उघडलं, आणि पुन्हा बंद केलं.

लाथांनी झालं नाही ते त्या झाकणानं झालं. ती रडू लागली.

"बस करा!"

दारात धाकटी होती. छातीला पट्टा, चेहरा पांढराफटक. पायऱ्या चढून तिला धाप लागली होती. हरली तरी तिची झुंज पाहून शिबिरवाल्यांनी तिला बोलावलं होतं, त्याचे कागद न्यायला ती आली होती. तिच्यावर हात टाकायची कोणाची छाती झाली नाही. ती येऊन बहिणीशेजारी जमिनीवर बसली आणि ओढणीनं तिचं तोंड पुसू लागली.

"ऊठ ताई. बोल काय ते."

थोरली उठली. एक हात भिंतीला धरून ती ऑफिसकडे चालू लागली आणि सगळा घोळका तिच्यामागे आला. तिनं आपल्या नावानं कॉम्प्युटर उघडला.

"पेनड्राइव्ह आहे कोणाकडे? लावा."

मांजऱ्यानं खिशातून काढला आणि खुपसला. पडद्यावर पाटी आली. परवानगी नाही.

"हे तर आमच्या नावावर पण येतं," तो म्हणाला.

"माझ्या पण येतं. हातोड्याचा खांदा निखळायच्या कितीतरी आधीपासून येतंय. मी माझं नाव काढून टाकलं. तुम्ही रोज येऊन भीक मागायचात, म्हणून."

"आणि परत घातलं असशील!"

"मुख्य पासवर्ड लागतो त्याला. तो माझ्याकडे नाही. यादी दाखवायला पण तोच लागतो." ती वळली. घोळक्याच्या मागे वस्ताद उभे होते. "वस्ताद, तुम्ही टाका. बघू दे सगळ्यांना कोणाकोणाची नावं आहेत ती."

मग एकेकाची मान मागे वळली.

"हे काय नाटक लावलंय?" वस्ताद म्हणाले. "मार खाल्लास म्हणून माझ्यावर ढकलतेस?"

"टाका ना पासवर्ड."

"मी तुला रस्त्यावरून उचलून आणली. आंधळी झाली असतीस, आंधळी!"

"टाका म्हणते ना!"

"का वस्ताद?" हा धाकटीचा आवाज. तिनं आरडाओरडा केला नाही. "मी काय केलं होतं तुमचं?"

या एका प्रश्नानं त्यांचा तोल गेला. मानेच्या शिरा टरारल्या.

"काय केलं होतंस? जात होतीस! हा पण जात होता! मी मातीची माणसं करायची आणि शिबिरवाल्यांनी तयार घोडा न्यायचा. किती गेले इथून, कोणी एक तरी वळून आला? फोन तरी आला? हरलीस की राहशील, एवढंच हवं होतं. मला वाटलं दोन ठोशांत खाली बसशील. कोणी सांगितलं होतं मरेस्तोवर उभं राहायला?"

"तुम्हीच," धाकटी म्हणाली.

"कुंपणानंच शेत खाल्लं रे," मागून कोणीतरी पुटपुटलं.

थोरली त्यांच्या समोर गेली. काय बोलणार होती ते तिला पुढे कधीच आठवलं नाही. तिनं तोंड उघडलं तेवढ्यात वस्तादांची उजवी मूठ आली. सरळ, डाव्या डोळ्यावर. त्या माणसाला कुठे मारायचं ते बरोबर ठाऊक होतं.

डोळ्यात आधी पांढरी वीज चमकली, मग काळा पडदा वरून खाली उतरू लागला. पहिल्या वेळी असाच उतरला होता. आता तो थांबणार नाही, हे तिला कळलं. आणि डोळा गेलाच आहे तर आता जपायचं काय, असं काहीतरी तिच्यात सुटलं. तिनं पाय रोवले. डावा हात त्यांच्या यकृतावर, ते वाकले तसा उजवा हात जबड्यावर, आणि पुन्हा डावा, खालून वर. हाड मोडल्याचं तिच्या मनगटाला कळलं, आवाज नंतर आला. वस्ताद टेबलावर कोसळले आणि कीबोर्डसकट खाली आले.

मग पोरं तुटून पडली. ज्यांनी मघाशी तिला तुडवलं त्यांच्याच पायांत आता जास्त जोर होता. मोरीत दात पडलेल्या मुलाचं नाव घेऊन मांजऱ्या लाथा घालत होता, जसं काही ते दात त्यानं पाडलेच नव्हते. हातोडा एका हातानं खुर्ची उचलत होता. थोरली भिंतीला टेकून एका डोळ्यानं बघत राहिली. तिला बरं वाटत होतं. पुढे तिनं ही गोष्ट फक्त धाकटीपाशी कबूल केली, की तेव्हा तिला थंडगार पाणी प्यायल्यासारखं बरं वाटत होतं.

एक बूट डोक्यावर बसला. जमिनीवरचा माणूस हात वर घेईनासा झाला होता.

"पडलाय तो!" थोरली ओरडली. "पडलेल्याला मारतात का? सरका!"

कोणी ऐकेना. तिनं पंच जसा मध्ये घुसतो तसं अंग मध्ये घातलं. खुर्चीचा पाय तिच्या खांद्याला लागला, तरी ती सरकली नाही. धाकटी एका हातानं छाती दाबून हातोड्याच्या कमरेला लोंबकळली होती. हळूहळू सगळे थांबले. खोलीत फक्त धापा ऐकू येत होत्या.

रुग्णवाहिका एकच आली. तिच्यात एका बाजूला वस्ताद, दुसऱ्या बाजूला थोरली. त्यांचा जबडा तुटला होता.

डोळा गेला. पोलीस आले, जबाब झाले. वस्तादांनी कोणाविरुद्ध तक्रार केली नाही. तारेनं बांधलेला जबडा सुटल्यावर ते गाव सोडून बहिणीकडे राहायला गेले, आणि जाताना क्लबच्या किल्ल्या आणि तो मुख्य पासवर्ड आईच्या हातात देऊन गेले. थोरलीला भेटले नाहीत. आईनं किल्ल्या तिच्या पुढ्यात टाकल्या. "फेकून दे किंवा उघड. पण परत कोणाला देव मानू नकोस."

तिनं क्लब उघडला. शिकवायला बाहेरून एक बाई येऊ लागल्या, निवृत्त झालेल्या, तोंडानं फटकळ. धाकटी बरी होऊन शिबिराला गेली. तिथे पहिल्याच महिन्यात एकीचं नाक फोडून तिनं आपलंही फोडून घेतलं, आणि फोनवर ते इतक्या आनंदानं सांगितलं, की आईनं फोन थोरलीच्या हातात देऊन स्वयंपाकघर गाठलं.

कॉम्प्युटरचं काय करायचं यावर बरीच भांडणं झाली. कोणी म्हणे सगळं पुसून टाका, कोणी म्हणे पूर्वीसारखं मोकळं करा. थोरलीनं दुरुस्तीवाल्याला समोर बसवून घेतलं आणि वेगळंच केलं. प्रत्येकाची लढत आणि सराव ज्याच्या त्याच्या नावाखाली ठेवला. ज्याचा असेल त्यालाच तो दिसेल, आणि त्यानं नोंदवलेल्या एकाच पेनड्राइव्हवर तो उतरेल. दुसऱ्याचा कोणालाही नाही, तिला स्वतःलाही नाही. आपला मार आपल्यापाशी.

एका दुपारी हातोडा आला. त्या सकाळनंतर तो तिच्याशी बोलला नव्हता. खांद्याची शस्त्रक्रिया झाली होती, पुन्हा लढायचं की नाही हे ठरायचं होतं. तो दारात उभा राहिला, त्यामुळे खोलीत अंधार झाला.

"ताई, माझी मॅच हवी होती. शेवटची. आईला दाखवायचीय."

"तुझं नाव टाक, पासवर्ड टाक. पेनड्राइव्ह लाव. मला कशाला विचारतोस?"

तो बसला. खुर्ची करकरली. ती जायला वळली तर म्हणाला, "थांब ना." म्हणून ती थांबली.

त्यानं लढत लावली. खांद्यावर पडणारे ठोसे दिसले, लांब डावा दिसला, हात लोंबलेला दिसला. कानशिलावरचा पहिला ठोसा बसायच्या आत त्यानं बोट दाबून चित्र थांबवलं. पडद्यावर तो स्वतःच्या हाताकडे बघत उभा होता, अजून न पडलेला. थोरलीनं मान पूर्ण डावीकडे फिरवली, कारण तो त्या बाजूला बसला होता आणि नाही तर तिला दिसला नसता. तो रडत होता.

"मी तुझ्या पोटात मारलं," तो म्हणाला. "आधी. तू काही बोलायच्या आधी."

"हो. जोरात मारलंस."

"परत मार ना मला. मार. मी हात वर करत नाही."

"चल ऊठ, खुर्ची मोडशील. एकच आहे."

त्यानं नाक पुसलं.

"ही नको आईला," शेवटी तो म्हणाला. "त्याच्या आधीची आहे ना, जिंकलेली? ती दे."

"मी कशी देऊ? माझ्या नावावर उघडत नाही. तूच शोध."

तो एका बोटानं बटणं शोधत बसला. अक्षरं पुसलेली असल्यानं दर वेळी चुकत होता, आणि ती त्याच्या खांद्यामागे उभी राहून सांगत होती, खाली, अजून खाली, ती नव्हे, तिच्या शेजारची.